पक्कडीला तेल देत जा

सेर्रो, मॉन्टेव्हिडिओ
२५ फेब्रुवारी

प्रिय विल्मार,

उशीर झाला, माफ कर. सात आठवडे झाले. रोज टेबल पुसायचं, कागद काढायचा, वर तारीख घालायची आणि काहीतरी निमित्त काढून उठायचं, असं चाललं होतं. नुसती तारीख घातलेले नऊ कागद माझ्या खणात पडलेत. हा दहावा. तुला माहीतच आहे, मी तिसरीपर्यंत शिकलो आणि तिथून थेट मांसाच्या कारखान्यात लागलो. पत्रं तुझी आईच लिहायची. मी खाली एक ओळ घालायचो, 'मी बरा आहे, गरम कपडे घाल,' एवढीच. एकोणीस वर्षांत मी तुला जे लिहिलं ते सगळं जोडलं तरी अर्धं पान भरणार नाही. पाकिटावर माझं वेडंवाकडं अक्षर बघून तुझ्या मनात येईल, आईनं का नाही लिहिलं. तिचं शेवटी लिहितो. मला माझ्या क्रमानं जाऊ दे, नाहीतर हाही कागद खणात जाईल.

जे मागायचं आहे ते आधीच मागून ठेवतो. मला तुझं उत्तर हवंय, आणि जमलं तर तू एकदा घरी यावंस. पण पत्र पूर्ण वाचल्यावर तुला यावंसं वाटेल की बापाचं तोंडही बघू नये असं वाटेल, ते मला कळत नाही. म्हणून भीत भीत लिहितोय. पत्ताही बरोबर असेल ना? आईच्या वहीत सिडनीचे दोन पत्ते आहेत, एक खोडलेला आणि एक न खोडलेला, पण खोडलेलाच जास्त ठळक दिसतो. आणि तुझ्या त्या पत्रपेटीला वरून झाकण आहे का? पावसानं शाई फुटली तर मला हे परत लिहिता येणार नाही.

बातमी अशी, की आपला सालादेरो फुटबॉल क्लब परत पहिल्या श्रेणीत गेला. डिसेंबरातच गेला. तुला कोणी कळवलं असेल, नसेलही. एकोणीस वर्षं दुसऱ्या श्रेणीत, मधली चार तर तिसऱ्या श्रेणीत, आणि आता पुन्हा शहरातले ते दोन मोठे क्लब आपल्या त्या फाटक्या मैदानावर खेळायला येणार. कारखाना बंद पडून किती वर्षं झाली, पण त्या दिवशी क्लबानं कारखान्याचा जुना भोंगा दुरुस्त करून वाजवला आणि सेर्रोची अख्खी टेकडी दारात आली. बायका पीठ लागलेल्या हातांनी बाहेर. बासिलियोनं कँटीनवर नवी पाटी लावली. त्याला म्हटलं, 'पाटी तिरकी लागलीय.' तर म्हणतो, 'सिक्स्तो, पाटी सरळ आहे, तुझी मानच एकोणीस वर्षं वाकडी आहे.' सगळे हसले. मीही हसलो. त्या माणसाची जीभ तुला ठाऊक आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पहिला सामना आहे. त्याआधी, पहिल्या श्रेणीत खेळलेल्या आपल्या सगळ्या जुन्या खेळाडूंना मैदानाभोवती एक फेरी मारायला बोलवायचं ठरलंय. डिसेंबरातच कँटीनच्या भिंतीवर नावांची यादी लावली होती. मी चष्मा विसरलो होतो म्हणून घरी जाऊन चष्मा आणला आणि दोनदा वाचली. मेलेल्यांचीसुद्धा नावं होती, पुढे क्रूस काढून. तुझं नव्हतं. मी काही बोललो नाही. विल्मार, तेव्हाही मी काही बोललो नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी शहाणा दिसेन की काय अशी मला भीती वाटते.

त्या दिवसाचं लिहितो. तू विसरला नसशील, पण मला जसं दिसलं तसं मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही.

सकाळी ऊन होतं, उत्तरेचा कोरडा वारा होता, मैदान पायाला दगडासारखं लागत होतं. संघाचे कपडे-बूट सांभाळायचं काम माझं, मी सगळ्यांच्या बुटांच्या तळाला धातूचे आखूड स्टड बसवले. जेवणवेळेला दक्षिणेकडून आभाळ आलं. पाम्पेरोचं वादळ सुटलं आणि अर्ध्या तासात मैदानाचं तळं झालं. तुझी आई घरी टोर्टा तळत होती, पाऊस आला की करते त्या पिठाच्या पुऱ्या. सामना संपला की गरम गरम खायच्या, बरोबरी झाली की पुरे, आपण पहिल्या श्रेणीत राहिलो, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मी कपड्यांच्या खोलीत एकटा, पुढ्यात बूट, हातात पक्कड. चिखलात आखूड स्टड धरत नाहीत, म्हणून प्रत्येक जोडीचे बारा आखूड काढायचे, बारा लांब बसवायचे. हात ओले, पेच निसटायचे. आणि माझी रीत तुला ठाऊक होती. माझ्या मुलाचं काम सगळ्यात शेवटी. तू सतरा वर्षांचा असताना संघात आलास तेव्हापासूनची रीत. टॉवेल द्यायचा तर तुला शेवटी, संत्र्याची फोड तुला शेवटी, बूटही शेवटी. सिक्स्तो आपल्या पोराचं आधी करतो असं कुणी म्हणू नये एवढीच मला काळजी. त्या काळजीपायी मी कितीदा तुला ओला टॉवेल दिला असेल.

आणि त्यात ऑगस्टातली ती गोष्ट. गोलरक्षकाचा शर्ट मी दुसऱ्यांच्या मैदानावर विसरलो होतो. अध्यक्ष पेराल्ता सगळ्यांसमोर म्हणाला होता, 'सिक्स्तो, आता आणखी एक चूक, की कपड्यांच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवायची.' तू दारात उभा होतास. तू ऐकलंस हे मला माहीत होतं, कारण तू लगेच शीळ घालायला लागलास.

तर मी दहा जोड्या केल्या. हे मला नक्की आठवतं. दहावी जोडी खाली ठेवली आणि पेराल्ता दारात आला. नवीन शर्टांचे आकडे उलटे शिवलेत म्हणून ओरडायला लागला. मी शर्टांकडे धावलो. परत आलो तेव्हा बाकावर बूटच नव्हते, तुम्ही सगळे बाहेर पडत होतात. मी स्वतःला विचारलं, अकरावी झाली का? झाली असणार. हात दुखत होते ना, मग झाली असणार.

मध्यंतराला तुम्ही एक-एक बरोबरीत आत आलात. मी फोडी वाटत शेवटी तुझ्याकडे आलो. तू पाय बाकाखाली ओढून घेऊन बसला होतास. मी विचारलं, 'सगळं ठीक?' तू म्हणालास, 'ठीक आहे रे म्हाताऱ्या, फोड दे आणि जा.' मी तेव्हा पंचेचाळिशीचाही नव्हतो, आणि तू मला म्हाताऱ्या म्हणायचास, तेव्हा मला बरं वाटायचं. मी गेलो.

सामना संपायला सहा मिनिटं होती. लांबून चेंडू आला, तू वळलास, टेकलेला पाय सटकला आणि तू चिखलात बसलास. त्यांचा नऊ नंबरचा तुझ्या शेजारून गेला. मला अजून तो पाठमोरा दिसतो. पुढचं कशाला लिहू. एकच संघ खाली जायचा होता, तो आपला गेला.

तू सगळ्यात शेवटी आत आलास आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावलीस. पंधरा मिनिटं. बाहेर कोणी म्हणे रडतोय. बासिलियो म्हणाला, 'रडत नाही, नोटा मोजतोय.' आधी कुणी हसलं नाही, मग एकजण हसला. मग पेराल्ता म्हणाला, 'बूट दाखव.' तू दाराबाहेर बूट टाकलेस. त्यानं उचलून सगळ्यांना दाखवले, लांब स्टड, बाराच्या बारा. 'बघा, बूट ठीक आहेत. त्याच मैदानावर दहाजण उभे राहिले, हा एकटा पडला. का पडलास रे?' तू म्हणालास, 'पाय घसरला.' दुसरं काही नाही.

आता लिहायला जड जातं ते लिहितो. ते लांब स्टड बघितल्यावर मला आनंद झाला. माझी चूक नव्हती. देवा, माझी चूक नव्हती. माझ्या मुलाला लोक विकाऊ म्हणत होते आणि माझ्या मनात पहिलं आलं ते माझं. नंतर कपड्यांच्या खोलीत गेलो तर पक्कड डाव्या खणात होती. मी उजव्या खणात ठेवतो. ती ओली होती. मी ती पुसली आणि उजव्या खणात ठेवली, आणि त्याविषयी विचार केला नाही. आखूड स्टडांचा एक संच कमी भरला. कुणी चोरला असेल म्हटलं. कारखान्यातून सळईचा तुकडा आणून बारा नवे कातले आणि कुणाला कळू दिलं नाही. माणसाला जे बघायचं नसतं ते न बघायला किती हुशारी लागते.

त्या आठवड्यात आपल्या भिंतीवर कोणीतरी डांबरानं लिहिलं, 'विकाऊ.' मी चुना लावला. दर वर्षी नाताळाच्या आधी लावतो. दमट हवेत अक्षरं तरीही वर येतात, 'वि' आधी येतो. तू चार महिने काढलेस. बेकरीत तुझ्या हातात कुणी पाव देईना, काउंटरवर ठेवायचे. एकदा कँटीनमध्ये बासिलियो माझ्या तोंडावर बोलला, 'सिक्स्तो, तुझं दुःख कळतं, पण पोरानं आपल्याला बाजारात नेलं.' आणि मी काय म्हटलं, विल्मार? मी म्हटलं, 'मुलगा आहे, काय करणार.' पेला संपवला. तू दारात होतास की नाही ते मला आजही माहीत नाही. त्या संध्याकाळी आईनं मला विचारलं, 'तुला खात्री आहे, बूट बरोबर होते?' मी म्हटलं, 'सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.' तिनं माझी ताटली उचलली. मी अजून जेवत होतो.

धक्क्यावर तुला पोचवायला आम्ही दोघं आलो. आईनं लोकरीचा गळपट्टा दिला, तू तो उन्हात घातलास, तिला बरं वाटावं म्हणून. मी तुला तिकडे दमट हवा आहे का, बूट कोरडे ठेव, असलं काहीतरी सांगत होतो. तू शिडी चढता चढता मागे वळून म्हणालास, 'म्हाताऱ्या, पक्कडीला तेल देत जा. भिजली की गंजते.' मी मान हलवली. पोरगं जाता जाता काहीतरी बोलायचं म्हणून बोललं, एवढंच मी समजलो. तेल मात्र दिलं. दर शनिवारी दिलं, एकोणीस वर्षं.

आता तुझ्या आईचं. विल्मार, ओफेलिया गेली. नऊ जानेवारीला सकाळी, अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली नळीनं येर्बाचा काढा ओढता ओढता. थर्मास उघडाच राहिला होता. फार सोसावं लागलं नाही असं डॉक्टर म्हणाला, पण तो सगळ्यांनाच तसं सांगत असेल. मी तार करायला पोस्टात गेलो होतो. बाई म्हणाली, 'काय लिहू, काका?' मी म्हटलं, 'आई.' ती म्हणाली, 'पुढे?' मागे रांग होती. मी म्हटलं, 'राहू द्या,' आणि निघून आलो. तुला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. माझ्या सगळ्या चुका अशाच आहेत, न केलेल्या कामांच्या.

पुरण्याआधी तिला तो निळा झगा घालायचा होता, तू इथं असताना तुझ्या शेवटच्या वाढदिवसाला तिनं घातलेला. त्याचं गळ्याजवळचं बटण तुटलेलं होतं. शेजारणी म्हणाल्या, पिन लावू. मी म्हटलं, पिन नाही. तिनं ख्रिसमसच्या सुमाराला एकदा मला सांगितलं होतं, 'माझी बटणांची डबी कुणाला देऊ नकोस हां, तूच उघड.' मला वाटलं, म्हातारपणचं काहीतरी. मी ती डबी पलंगावर उपडी केली. बटणं, हुक, तुझ्या बाप्तिस्म्याच्या कपड्याची एक फीत, आणि तळाला तुझा एक काळा मोजा, गाठ मारलेला. गाठ सोडली. बारा आखूड स्टड. प्रत्येकावर खिळ्यानं ओढलेल्या दोन रेघा. माझ्या हातच्या. नंबर दोनच्या, म्हणजे तुझ्या, बुटांसाठी मीच ओढलेल्या.

मी तिथंच पलंगावर बसलो. तिच्या शेजारी. तुझी कडी लावलेली पंधरा मिनिटं मला तेव्हा कळली. मध्यंतराला ओढून घेतलेले पाय कळले. पहिल्या पावलापासून तुला कळलं असणार की पायाखाली आखूड स्टड आहेत, आणि बदलून मागितले असते तर पेराल्तानं किल्ली घेतली असती, म्हणून तू त्या चिखलात नव्वद मिनिटं तसाच खेळलास. आणि पडल्यावर, तुझ्याकडे सांगायला जी एकच खरी गोष्ट होती, ते आखूड स्टड, तेच तू माझ्याच पक्कडीनं स्वतःच्या हातांनी काढलेस आणि लांब बसवलेस. ते तू आईला दिलेस की तिला नंतर सापडले, ते मला माहीत नाही. तूच सांग. तिला किती वर्षं माहीत होतं? ती रोज सकाळी माझी येर्बा भरून द्यायची. एकदाही बोलली नाही. निळं बटण मला सापडलं. मीच शिवलं. टाके वाकडे आले.

पुरल्यानंतर आठव्या दिवशी मी मोजा घेऊन कँटीनमध्ये गेलो. रविवार होता, अख्खा क्लब होता. काउंटरवर बारा स्टड मांडले आणि जसं तुला लिहिलंय तसंच सांगितलं, फक्त जास्त अडखळत. मग मागून एकजण म्हणाला, 'म्हणजे विकलं बापानं, आणि तेही फुकटात.' कुणी हसलं नाही. बासिलियो म्हणाला, 'सिक्स्तो, तू एकोणीस वर्षं मला खोटं बोलू दिलंस. रोज, माझ्याच काउंटरवर.' एवढं बोलून आत गेला तो बाहेर आलाच नाही. मी किल्ली काउंटरवर ठेवली. कुणी परत घे म्हटलं नाही, तेही बरोबरच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर घासण्याचा आवाज आला म्हणून बघितलं तर बासिलियो आपल्या भिंतीचा जुना चुना पत्र्यानं खरवडत होता, सगळे एकोणीस थर, खालच्या डांबरापर्यंत. मला बघून म्हणाला, 'आत जा, धूळ उडते.' ते अक्षर त्याचंच होतं, मला वाटतं. मी विचारलं नाही. यादीत तुझं नाव आता आहे. दोन नावांच्या मध्ये घुसवलंय, बारीक अक्षरात. मी चष्मा लावून वाचलं.

तू फेरी मारायला यावंस असं मी म्हणत नाही. मला तो हक्क नाही, आणि तुला इथल्या लोकांच्या टाळ्या कशाला हव्यात. पण आई सेर्रोच्या दफनभूमीत आहे, पाण्याच्या बाजूला, चौथ्या रांगेत, आणि तिचा मुलगा तिथं आलेला नाही. त्याला कारण मी आहे. हे पत्र मी त्यासाठी लिहिलं, माफी मागायला नाही. माफीला एवढा कागद लागत नाही. या पाकिटात एक स्टड घालतोय. अकरा माझ्याकडे आहेत. पोस्टातल्या बाईंनी धातू आहे म्हणून कुरकुर केली नाही म्हणजे झालं. तुला काही लिहावंसं वाटलं नाही, तर हाच स्टड एका पाकिटात घालून परत पाठव, शब्दही घालू नकोस. तू रागावलास असं मी समजणार नाही. तुझा हात त्याला लागला, एवढं मला पुरे आहे. पण पाठव, विल्मार. लवकर पाठव. मी रोज अकराला फाटकापाशी असतो, पोस्टमन त्याच सुमाराला येतो.

तुझाच,
म्हातारा